डेव्हचा स्ट्यू काही जमेना

अखेर 'ओल्ड स्कूल रूनस्केप' या ऑनलाइन गेममधली 'रेसिपी फॉर डिझास्टर' ही क्वेस्ट, म्हणजे कामगिरी, संपली. खेळणाऱ्यांनी अभिनंदन करावं, न खेळणाऱ्यांनी हसून घ्यावं.

लम्ब्रिजच्या किल्ल्यातला आचारी तुम्हाला नवखे असतानाच भेटतो. अंडं, दूध, पीठ आणून द्या, केक होतो, खूश. पुढे बऱ्यापैकी दांडगे झाल्यावर तोच पुन्हा गाठ पाडतो आणि आता मागतो काय, तर न्यूटचा डोळा, सडका टोमॅटो, बिअर आणि राख कालवलेलं फळांचं पेय. एवढं दिलं की मेजवानी सुरू, आणि तिथे कुलिनरोमान्सर उगवतो. हा मांत्रिक आहे आणि त्याची विद्या सगळी स्वयंपाकाची! वेळ थांबते, पाहुणे पुतळ्यासारखे जागच्या जागी, आणि प्रत्येकाला त्याच्या आवडीचं खाऊ घालून सोडवायचं काम आपल्या गळ्यात. 2006 साली ही रूनस्केपमधली शंभरावी क्वेस्ट म्हणून आली होती; दहा भाग, आणि शेवट गाठायला 175 क्वेस्ट पॉइंट लागतात.

आवडी तरी कसल्या! गॉब्लिन सरदारांना मसालेदार अळ्या. माकडांच्या राजाला केळं-शेंगदाणे भरलेला साप. बुटक्या डोंगरवासीला दगडी केक, इतका गरम की बर्फाचे हातमोजे घालूनच उचलायचा. गंमत म्हणजे हा केक पुढे पट्टीचे खेळाडू मुद्दाम खातात. खाल्ला की तब्येत उतरते, आणि धारोकचं चिलखत घातलेल्याची तब्येत जितकी खालावलेली, तितका घाव जबरदस्त. इतका उपयोगी पदार्थ अख्ख्या गेममध्ये दुसरा नसेल.

पण माझा जीव घेतला तो ईव्हिल डेव्हने. हा दुष्ट मांत्रिक व्हायला निघालेला मुलगा एजव्हिलमध्ये आईच्या घराच्या तळघरात राहतो. त्याला तिखट स्ट्यू हवा. चार रंगांचे मसाले, तेही आपल्या मांजराने तळघरातले उंदीर मारले तरच मिळणार. कोणता मसाला किती, हे प्रत्येक खेळाडूला वेगळं, म्हणजे मैत्रिणीचं उत्तर आपल्या कामाचं नाही. मी मोबाइलवर खेळते, लेक झोपल्यावर. नवरा डोकावून म्हणाला, "अजून मीठच बघतेयस का?" मी त्याला मांजर दाखवलं. तो काहीच बोलला नाही. वहीत आडवे-उभे रकाने आखून चिमटी-चिमटीने मसाले मांडले तेव्हा कुठे डेव्ह खूश.

माकडांच्या बेटावरच्या उड्यांबद्दल मी बोलणार नाही.

शेवटी खाद्यपदार्थांशी मारामारी. केळ्याचा राक्षस सोपा गेला. फ्लँबीड नावाच्या राक्षसापुढे बर्फाचे हातमोजे नसले तर हातातलं शस्त्रच निसटतं. जेलीची आई रंग बदलते, आणि रंगाप्रमाणे हल्ल्याचा प्रकार बदलावा लागतो. प्रार्थना इथे चालत नाही, म्हणून बॅगेत खाणं खच्चून भरून गेले होते. कुलिनरोमान्सर स्वतः मात्र फारसा कठीण नव्हता.

मग लम्ब्रिजच्या किल्ल्याच्या तळघरातली पेटी उघडली. बॅरोज हातमोजे, ज्यांच्यासाठी निम्मी दुनिया हे सगळं करते. खाली किंमत: 1,30,000 नाणी. जगाला मांत्रिकापासून वाचवणारीला एक पैशाची सूट नाही.