तुम्ही विचारलंत म्हणून: आमचं आडनाव बारी, म्हणजे कोंडाईबारीचे का?

धुळ्यात राहायला आल्यापासून हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की आता एकदाच नीट लिहून ठेवते. परवा साक्रीच्या एसटीत शेजारच्या बाबांनी पण तेच, "ताई, बारी म्हणजे तुम्ही कोंडाईबारीना शेतस का?"

प्रश्न चुकीचा नाहीये. आपल्याकडे बारी म्हणजे डोंगरातली खिंड, दोन टेकड्यांच्या मधून रस्ता निघतो ती जागा. सुरत रस्त्यावर दहिवेल सोडलं की विसरवाडीच्या अलीकडे कोंडाईबारी, पिंपळनेरहून ताहराबादला जाताना सेलबारी, देवळ्याजवळ भावडबारी, आणि मांगीतुंगी ज्या रांगेत आहे तिचं नावच सेलबारी-डोलबारी. १६७० मध्ये सुरतेहून परत येताना शिवाजी महाराजांनी दाऊदखानाशी लढाई केली ती चांदवडजवळच्या कांचनबारीची. म्हणजे नकाशा उघडला की या भागात बारीच बारी, आणि मला हे सगळं फार आवडतं, मी प्रत्येक घाटात पाटी वाचते.

मूळ शब्द द्वार. द्वारचं बार झालं, आणि छोटं दार ते बारी. नवापूर ओलांडून गुजरातेत गेलात की तिथे बारी म्हणजे खिडकी, घराच्या भिंतीतली! डोंगराच्या भिंतीत असली की आपण खिंड म्हणायचं. एकच शब्द, घाटाच्या एका बाजूला घरात बसलाय, दुसऱ्या बाजूला रानात.

बाकी पाळी या अर्थाची बारी तर सगळ्यांनाच माहितीये, "आते तुनी बारी" म्हणतो ती, तिचा डोंगराशी संबंध नाही.

आता आडनाव. आम्ही जळगावकडचे, तिकडे शिरसोलीसारख्या गावांत बारी घरं भरपूर, आणि पिढ्यान् पिढ्यांचा धंदा नागवेलीचा. आमच्या घरात सांगतात की ही बारी म्हणजे वाडी, बाग, हिंदीत फुलवारी म्हणतात ना त्यातली वारी. मला ते पटतं कारण सगळं आयुष्यच त्या मळ्याभोवती होतं. शेवरी-शेवग्यावर वेल चढवायचा, सारखं पाणी, उन्हाच्या झळा लागू नयेत म्हणून चारी बाजूंनी कूड, आत गेलं की मे महिन्यातसुद्धा अंगाला गारवा लागायचा. चप्पल बाहेर काढल्याशिवाय आजी आत येऊ द्यायची नाही, मळा म्हणजे देऊळच तिच्यासाठी. पानं खुडताना नखाने देठ तोडायची तिची ती टक् टक् मला अजून ऐकू येते.

तर बाबा, आम्ही खिंडीचे नाही, मळ्याचे. पण कोंडाईबारी जाऊन बघाच, पावसाळ्यात, आणि एसटीत खिडकीची जागा धरा, दहिवेल गेलं की लगेच झाडी सुरू होते.