जाळीच्या कपाटाचा रंग उडवताना

आजोळचं दूधदुभत्याचं जाळीचं कपाट घरी आणलं तेव्हा सुतार म्हणाला, "ताई, रंग खरवडून पॉलिश मारू, सागवान आहे." मला मात्र त्याचं वापरलेपण हवं होतं. म्हणून डिस्ट्रेस्ड फिनिश करायचं ठरवलं : खाली गडद रंग, वर फिका, आणि मग जागोजागी घासून खालचा रंग दिसू द्यायचा.

यात सगळ्यात मोलाचं आहे ते कुठे घासायचं हे ठरवणं. ब्रश हातात घ्यायच्या आधी मी कपाट नीट न्याहाळलं. कडीच्या बाजूला बोटांनी लाकूड गुळगुळीत झालेलं. मुंग्या चढू नयेत म्हणून पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले असत, त्यामुळे तळाशी लाकूड काळवंडलेलं. फळ्यांच्या मधोमध मात्र रंग शाबूत. बाजारातल्या नव्या 'जुन्या' फर्निचरवर सगळीकडे सारखे ओरखडे असतात, ते म्हणूनच खोटे वाटतात.

जुन्या हिरव्या ऑइलपेंटची मला काळजी होती. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला; त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. त्यामुळे कोरडं घासणं नाहीच. जाळी काढली, मास्क लावला, मुलांना लांब ठेवलं आणि वॉटर पेपर (पाण्यासोबत वापरायचा पॉलिश पेपर) ओला करून वरची चकाकी तेवढी घालवली. खाली पडलेलं झाडूने न लोटता ओल्या फडक्याने टिपून घेतलं. उघड्या पडलेल्या सागावर लाखेच्या पॉलिशचा एक हात दिला, नाहीतर फिक्या रंगातून पिवळे डाग वर येतात.

अशा कामाला चॉक पेंट, म्हणजे खडूसारखा बिनचकाकीचा रंग, वापरतात; तो ॲनी स्लोन या रंगकामातल्या जाणकार बाईंनी १९९०मध्ये इंग्लंडमध्ये आणला. तो इथे महाग पडतो, म्हणून मी घरीच केला : एक भाग चाळलेलं प्लास्टर ऑफ पॅरिस तेवढ्याच पाण्यात कालवून तीन भाग इमल्शनमध्ये, म्हणजे भिंतीच्या पाण्यातल्या रंगात, मिसळलं. हा रंग घट्ट होत जातो, तेव्हा थोडा थोडाच करावा.

पहिला हात गेरूच्या रंगाचा. रात्रभर वाळल्यावर ठरवलेल्या जागांवर साधी मेणबत्ती चोळली, कारण मेणावर रंग धरत नाही. मग वरून हस्तिदंती हात. तो सुकल्यावर २२० नंबरच्या ओल्या वॉटर पेपरने, पुन्हा मास्क लावून, हलकेच घासलं. कडीपाशी जरा जोर दिला. हस्तिदंतीखालून गेरू आला आणि त्याच्याही खालून जुन्या हिरव्याची बारीक रेघ! तिथेच हात थांबवला. अजून घासलं असतं तर ती रेघ गेली असती, आणि मला तीच हवी होती.

वरून मेण लावायची पद्धत आहे. दिवाणखान्यातल्या वस्तूला ते शोभतं, पण स्वयंपाकघरातल्या उष्णतेत आणि तेलकट हातांपुढे टिकत नाही. म्हणून मी वॉटर-बेस्ड मॅट वॉर्निश लावलं. आतल्या फळ्यांना रंग दिलाच नाही. तिथे अजूनही बरण्याच राहतात.