तुम्ही विचारलंत म्हणून: कांदोळी श्रीमंत कधी झाली?

पुण्याहून, कोल्हापूरहून कोणी गोव्यात आमच्या घरी, कांदोळीला आलं की दुसऱ्या दिवशी जेवताना हा प्रश्न येतोच. "तुमचं गाव इतकं श्रीमंत कधी झालं हो? ताज हॉटेल आल्यावर ना?" परवा आतेभावाच्या सुनेनंही तोच विचारला. मी तिला म्हटलं, उद्या सकाळी समुद्र राहू दे, आधी चर्चकडे चल.

कांदोळी ताजच्या आधी दोनशे वर्षं तरी श्रीमंत होती. तेव्हाची श्रीमंती समुद्राकडे पाठ करून बसली होती, एवढंच. चर्च मूळचं १५६० चं. त्याच्या आसपासच्या वाड्यांवर जुनी घरं आहेत: उंच जोतं, पुढे बसायला बाल्कांव, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या. आजच्या हॉटेलांत समुद्र दिसणाऱ्या खोलीचे जास्त पैसे पडतात. त्या घरांत मात्र समुद्रासाठी काढलेली खिडकी मी तरी पाहिली नाही. बाल्कांव रस्त्याकडे, मागे पोरसू (परसबाग), पलीकडे भातशेती, त्याच्यापुढे माडांची भाटं आणि सगळ्यात शेवटी रेती. रेतीत काही पिकत नसे. तिथे मासे मारणारे खारवी राहायचे आणि भाटकारांचे, म्हणजे जमीनमालकांचे, मुंडकार, म्हणजे त्यांच्याच जमिनीवर घर करून राहणारी कुळं.

पैसा आला तो शेतातून, माडांतून आणि शिकलेल्या मुलांतून. घरातला एक मुलगा पाद्री व्हायचा, एखादा लिस्बनपर्यंत पोचायचा. पण तिथे पोचूनही वरची जागा गोऱ्यालाच. या रागातून १७८७ साली पोर्तुगिजांविरुद्ध जो कट झाला, तो याच गावातल्या पिंटो कुटुंबाच्या नावानं ओळखला जातो. फितुरी झाली, ४७ जण पकडले गेले आणि पुढच्या वर्षी १५ जणांना मृत्युदंड मिळाला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या दोन वर्षं आधी, एका भातशेतीच्या गावात बसून माणसांनी राज्य उलथायचा बेत केला, हे सांगताना मला अजून भरून येतं. शाळेत आम्हाला हे एका ओळीत शिकवलं होतं.

आबे फारिया इथलाच. जन्म ३१ मे १७५६. वडील त्याला पंधराव्या वर्षी लिस्बनला घेऊन गेले. पुढे पॅरिसमध्ये त्यानं संमोहनावर व्याख्यानं दिली आणि ठामपणे मांडलं की झोप आणणारी शक्ती संमोहन करणाऱ्यात नसते, ती झोपणाऱ्याच्याच मनात असते. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन देताना तो अडखळला, तेव्हा वडील खालून कोकणीत पुटपुटले, "कातर रे भाजी" (समोरचे सगळे भाजीच समज, काप), अशी आख्यायिका आमच्याकडे लहान मुलंही सांगतात. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे, रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवलेला, १९४५ चा. हात पसरलेला पाद्री आणि समोर कोसळणारी बाई. तुमच्यापैकी बहुतेकांनी तिथे फोटो काढलाय. तो माणूस आमच्या गावचा.

आमच्याकडच्या आग्वाद किल्ल्याचं थोडक्यात सांगतो. तो १६१२ साली पुरा झाला. 'आग्वा' म्हणजे पाणी. गोड्या पाण्याचा झरा होता म्हणून लिस्बनहून येणारी जहाजं इथे पिंपं भरून घ्यायची. पुढे तिथे तुरुंग झाला. गोवा मुक्तीसाठी लढलेली कितीतरी माणसं त्या भिंतींआड होती. आता त्याचं संग्रहालय झालंय. तिथे जाल तेव्हा थोडा वेळ गप्प उभे राहा, एवढीच विनंती.

आता ताज. ते १९७४ साली किल्ल्याच्या सिकेरी किनाऱ्याकडच्या बुरुजाला लागून उभं राहिलं. १९८३ च्या नोव्हेंबरात राष्ट्रकुल परिषदेचे नेते दिल्लीहून विश्रांतीला इथे आले, इंदिरा गांधी आणि मार्गारेट थॅचरसुद्धा. मी तेव्हा शाळेत होतो. वडिलांचा पसरा (किराणा दुकान) चर्चच्या वाटेवर होता, आणि त्या दिवसांत गिऱ्हाइकांपेक्षा पोलीस जास्त दिसायचे, हे चांगलं आठवतं. त्याच इंदिराबाईंनी त्याच्या दोन वर्षं आधी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटर किनारा मोकळा ठेवायला सांगितलं होतं. त्याला किनारा नियमनाच्या अधिसूचनेचं रूप यायला १९९१ उजाडलं. तोवर चार्टर विमानं सुरू झाली होती आणि रेतीचा भाव वाढला होता.

वडिलांच्या उधारीच्या वहीत हा बदल मी डोळ्यांनी पाहिला. आधी वहीची पुढची पानं समुद्राकडच्या घरांनी भरलेली असायची. पावसाळाभर तांदूळ, केरोसीन उधार आणि मासेमारी सुरू झाली की फेड. मोठ्या घरांची उधारी कधीच नसे, कारण त्यांचे तारवटी (जहाजांवर नोकरी करणारे) आणि आखातातले मुलगे पैसे पाठवायचे. पुढे रेतीतल्या घरांनी एकेक खोली गोऱ्यांना भाड्यानं दिली, मग वर मजला चढवला, मग पाटी लावली. १९७५ च्या मुंडकार कायद्यानं भाटकाराला त्यांना हुसकावता येईना, म्हणून हे जमलं. दहा-बारा वर्षांत समुद्राकडची नावं वहीतून गेली. पर्यटनानं गाव बिघडलं, असं कोणी म्हणालं की मला ती पानं आठवतात. ज्यांना शतकानुशतकं बाल्कांवाची पायरी चढता आली नाही, त्यांची मुलं शिकली, हे मी विसरू शकत नाही.

पण किंमतही मोजलीय. २००० च्या पावसाळ्यात रिव्हर प्रिन्सेस नावाचं खनिजवाहू जहाज किनाऱ्याला रुतलं आणि दशकभराहून अधिक काळ तिथेच गंजत राहिलं. आमच्या मुलांनी समुद्राचं चित्र काढलं की त्यात ते जहाज असायचंच.

आणि ती जुनी घरं? आमच्या नागरी कायद्यात मुलगा-मुलगी सगळ्यांचा वाटा सारखा. एका घराला आता वीस-वीस वारस, कोणी लंडनला, कोणी टोरोंटोला. सगळ्यांच्या सह्या जमेपर्यंत कौलं कोसळतात, आणि जमल्या की घर दिल्ली-मुंबईच्या माणसाला जातं. त्या रस्त्यावर मी सुनेला एका बंद घराची विहीर दाखवली. विहिरीवर पंप होता आणि फाटकाबाहेर टँकर भरत होता. किनाऱ्यावरच्या हॉटेलांना असंच पाणी जातं.

ती म्हणाली, "काका, यातलं उघडं कुठलंच नाही?"

एक आहे. तिथे एक म्हातारी बाय एकटी राहते, वडिलांच्या गिऱ्हाइकांपैकी. तिनं बाल्कांवातूनच हाक मारली, "कोणाची गो ही?" मी नातं सांगितलं. तिला पुणं कळलं नाही, पण वडिलांचं नाव काढल्यावर तिनं सुनेला आत बोलावलं आणि आधी पाणी विचारलं.