समुद्रानं टाकलेलं उचला, कड्याला हात लावू नका

इंग्लंडमधल्या चारमथच्या किनाऱ्यावर उतरताना पाटी दिसली की आपला नागपुरी हात आपोआप खिशात जातो. पाटी म्हणजे मनाईच, ही आपली शिकवण. इथली पाटी मात्र म्हणते, वाळूवर सुटं पडलेलं जीवाश्म खुशाल घरी न्या. कडा तेवढा खणू नका.

मी डेव्हनमध्ये राहते. एक्सेटरहून हा किनारा गाडीनं तासाभरावर. २००१ साली युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून जाहीर केलेला, तब्बल १५५ किलोमीटरचा. आणि त्या वारशातले दगड लोक पिशवीत भरून नेतात! पहिल्यांदा मला ते चोरीच वाटलं. माहिती केंद्रातल्या स्वयंसेवक आजोबांना विचारलं, तर ते म्हणाले, "तुम्ही नाही नेलं तर समुद्र नेईल. लाटांत दोन दिवसांत भुगा होतो."

मला हा नियम फारच आवडला. कडा मऊ चिखलाचा, हिवाळ्यातल्या वादळांनी तो सारखा ढासळतो आणि लाटा आतले अमोनाइट, म्हणजे केव्हाच नामशेष झालेल्या समुद्री जीवांचे चक्राकार शंख, धुऊन बाहेर टाकतात. कड्याखाली उभं राहणं म्हणजे जिवाशी खेळ. एकदा माझ्यासमोर वरून मातीचा लोंढा सुटला होता. म्हणून भरती उतरत असताना जायचं, पाण्याच्या कडेकडेनं चालायचं. दुर्मीळ काही सापडलं तर नोंद करायची. विकायचं झालं तर आधी सहा महिने संग्रहालयांना विचारायचं. मालकी सापडवणाऱ्याचीच! सरकारी शिक्का नाही, तीन प्रतींत अर्ज नाही. आपल्याकडे एक तर कुणी ढुंकून बघत नाही, नाही तर एकदम कुलूप लागतं. (हे लिहितेय खरी, पण आपल्याकडे असा नियम केला तर दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर जेसीबी उभा राहील, हेही मला ठाऊक आहे.)

शोधायची रीत अशी. गोट्यांच्या पट्ट्यात जिथे काळी जड रेती साचते, तिथे गुडघे टेकून बसायचं. सुरुवातीला काहीच दिसत नाही. मग डोळा बसतो, आणि चार आण्याएवढं पितळी चक्र दिसतं, कडेनं बारीक वळ्या असलेलं. आकाराच्या मानानं हाताला चांगलंच जड लागतं. शंखाची जागा पायराइटनं, म्हणजे लोखंड-गंधकाच्या पितळी खनिजानं, घेतलेली असते, म्हणून ती चमक. वय सुमारे १९ कोटी वर्षं.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. "दगडं वेचाले गेली होती का तू एवढ्या थंडीत?" मग चष्मा लावून म्हणाली, "हे तं आपल्या शाळिग्रामातलं चक्र आहे न व."

अगदी तेच! गंडकीतला शाळिग्रामही अमोनाइटच. केंद्रातल्या आजोबांना मी ऐटीत सांगितलं की तुम्ही काचेच्या कपाटात ठेवता, आम्ही त्याचं तुळशीशी लग्न लावतो. ते खूश झाले; मग हळूच म्हणाले, तुमचे हिमालयातले तीन-चार कोटी वर्षांनी धाकटे. आईला हे मी अजून सांगितलेलं नाही.

नागपुरात मात्र अमोनाइट मिळायचे नाहीत. आपल्याकडे त्या काळी समुद्र नव्हताच. आपल्याकडे आहे तो लाव्हा, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे जगातले अमोनाइट संपले त्याच सुमाराचा. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात जी तळी साचली, त्यांतले गोड्या पाण्याचे शंख टाकळीला सापडले. होय, तीच आपली पोलीस लाइन टाकळी. शोधले कुणी? मिशनरी स्टीफन हिस्लॉपनं, ज्याच्या नावाच्या कॉलेजात आपले अर्धे नातेवाईक शिकले. मांगलीच्या दगडातली एका उभयचराची कवटीही त्यानं पाठवली. १८५५ साली इंग्रज जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेननं तिचं बारसं केलं, ब्रॅकिऑप्स. ती आजही लंडनच्या संग्रहालयात आहे. हिस्लॉप १८६३ साली टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना नाल्यात बुडून गेला. माणूस वाईट नव्हता. पण आपला दगड तिकडे आणि आपण इकडे पिशवी घेऊन वाकलेलो, त्यामुळे माझी चोरीची टोचणी बरीच कमी झाली.

याच किनाऱ्यावरच्या मेरी ॲनिंगनं तर १८२३ साली अख्खा प्लेसिओसॉर, म्हणजे लांब मानेचा समुद्री सरपटणारा प्राणी, शोधला. बाईमाणूस म्हणून लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचं दार तिला बंद. बायकांना सभासदत्व मिळालं ते १९१९ साली. ती १८४७ मध्येच गेली होती. म्हणजे नियम चांगले करायला यांनाही वेळ लागतोच.

आईला आता देवघरात एक "इंग्लंडचा" हवा आहे. पितळी नाही नेणार. पायराइटला दमट हवा सोसत नाही. पांढरी पूड धरते, गंधकाचा वास सुटतो, आणि आपल्या जुलै-ऑगस्टात तर त्याचं पीठच होईल. त्यामुळे दिवाळीला येताना कॅल्साइटचा, म्हणजे चुनखडीच्या खनिजाचा, आणणार, बॅगेत वजनाची मारामारी झाली तरी.