अकोस्ता भारी का अँटोनेली?

माझा भाचा दहावीला आहे आणि फॉर्म्युला वनच्या गाड्यांच्या शर्यतींसाठी जीव टाकतो. माझं सोलापुरात अक्कलकोट रोडला दुचाकीचं गॅरेज, त्यामुळे माझा ओढा मोटोजीपीकडे, म्हणजे बाइकच्या जागतिक शर्यतींकडे. दोन्ही शर्यती युरोपात असल्या की रविवारी साडेपाचला माझी लागते आणि ती संपून चहा होईपर्यंत साडेसहाला त्याची. टीव्ही एकच, भांडण कायमचं: "मामा, अँटोनेली भारी का अकोस्ता?"

बाइकवाला पेद्रो अकोस्ता 2004 चा. स्पेनच्या मुर्सिया भागातल्या समुद्रकाठच्या गावचा, बाप मासेमार. गाडीवाला किमी अँटोनेली 2006 चा, इटलीत बोलोन्याचा, बाप स्वतः रेसिंग टीम चालवणारा. दोघांचं नाव पहिल्याच मोसमात जगभर झालं. अकोस्ताने तर 2021 मध्ये मोटो3 मधल्या (मोटोजीपीखाली मोटो2, त्याखाली मोटो3) आपल्या दुसऱ्याच शर्यतीत, दोहाला, पिट लेनमधून, म्हणजे सगळ्यांच्या मागून, सुरुवात करून सगळ्यांना मागे टाकलं. ती शर्यत मी अजून अधूनमधून लावून बघतो. त्याच वर्षी तो मोटो3 चा विश्वविजेता झाला.

वयावरून मोठेपणा ठरवणं मला पटत नाही. यंत्र सारखं असेल तेव्हाच चालवणारा कळतो, म्हणून मी आधी टीममधला जोडीदार बघतो. 2024 मध्ये अकोस्ता मोटोजीपीत नवखा होता. केटीएमचीच बाइक, फक्त नाव त्यांच्याच दुसऱ्या ब्रँडचं, गॅसगॅसचं. त्याने 215 गुण मिळवले आणि सहावा आला. त्याच टीममधल्या ऑगुस्तो फर्नांडेझचे, जो मोटो2 चा माजी विश्वविजेता, वर्षभरात तीसही गुण झाले नाहीत. केटीएमचा मुरलेला ब्रॅड बाइंडर 217 वर होता. इतक्या वर्षांचा अनुभव आणि हे पोरगं, मधे फक्त दोन गुण! आता 2025 ची मर्सिडीज घ्या. जोडीदार जॉर्ज रसेल 319 गुण, अँटोनेली 150.

भाच्याचं म्हणणं असं, की हा हिशोब अर्धवट आहे. त्यात तथ्य आहे. अकोस्ता मोटो3, मोटो2 अशा पायऱ्या चढत आला, अँटोनेलीने फॉर्म्युला 3 गाळलंच. फॉर्म्युला 2 चं एक वर्ष झालं आणि थेट मर्सिडीजमध्ये हॅमिल्टनच्या रिकाम्या जागेवर. मियामीत स्प्रिंटची, म्हणजे छोट्या शर्यतीची, पोल (सुरुवातीची सगळ्यात पुढची जागा), कॅनडात तिसरा नंबर, आणि त्याच जूनमध्ये शाळेची शेवटची परीक्षा. दहावीच्या पोराला हे सांगावं लागत नाही, त्याच्या तोंडपाठ आहे. 2024 ला जेद्दात 18 वर्षांचा ऑलिव्हर बेअरमन सरावाचं एकच सत्र मिळालेलं असताना फेरारीत बसला आणि सातवा आला, तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या होत्या. वळणावर मानेवर पाच जीपर्यंत, म्हणजे वजनाच्या पाचपट, ताण घेऊन दीड-दोन तास गाडी ओढायची, हे येरागबाळ्याचं काम नाही.

तरी माझं मत बाइकवाल्याकडेच झुकतं आणि त्याचं कारण वजनात आहे. मोटोजीपीची बाइक कमीत कमी 157 किलोची. वर रायडर, सूट, हेल्मेट मिळून सत्तर-पंच्याहत्तर किलो. म्हणजे बाइकच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा माणूस तिच्यावर सतत सरकत असतो: ब्रेकला मागे, वळणात आत, कोपर जमिनीला. फॉर्म्युला वनची गाडी 2025 मध्ये ड्रायव्हर धरून 800 किलोची होती. तिथे माणूस पट्ट्यांनी आवळलेला, हातपाय तेवढे चालतात. बाइकवर रायडरचं अंगच सस्पेंशनचा भाग होतं. पोराकडे काय आहे ते म्हणूनच तिथे लवकर उघडं पडतं, चांगलं असो वा वाईट.

हे मला आधी दिसलं ते आपल्या गड्ड्याच्या यात्रेत. होम मैदानावर मौत का कुआ लागतो, तिथे वरच्या गॅलरीत उभं राहून बघा. एकाच फळ्यांच्या भिंतीवर बाइकही फिरते आणि मारुती 800 सुद्धा. मारुती वर चढली की फळ्या धडधडतात, आपल्या पायाखालचा पत्रा हलतो, लोक कठडा घट्ट धरतात. बाइकवाला येतो तेव्हा हादरा कमी, पण त्याच्या खांद्याकडे बघावं. खांदा जरा वळला की बाइक हातभर वर सरकते. हँडल सोडून, एका अंगावर बसून तो लोकांच्या हातातली नोट टिपतो. पुढे अकोस्ताला ब्रेक मारताना मागचं चाक आडवं सोडताना पाहिलं आणि तोच खांदा आठवला.

आता जे मनापासून सांगायचंय ते. होटगी रोडला संध्याकाळी बाइक पळवणारी पोरं माझ्याकडे टायर बदलायला येतात. टायर मधोमध घासून सपाट झालेला असतो आणि कडेचे रबराचे केस कंपनीतून आले तसे शाबूत. सरळ रस्त्यावर अॅक्सिलरेटर पिळणं म्हणजे रेसिंग नव्हे रे बाळांनो. समोरून उसाची ट्रॉली आली तर थांबायला जागा नसते. ट्रॅकवरसुद्धा बाइक माफ करत नाही. 2023 च्या ऑगस्टमध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर बंगळुरूचा 13 वर्षांचा गुणी मुलगा शर्यतीत पडून गेला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मोटोजीपीच्या जागतिक मालिकेने 2023 पासून किमान वय साधारणपणे 18 केलं, ते फार बरं झालं.

म्हणून, मान देतो बाइकवाल्याला, पण घरातलं पोरगं मी कार्टमध्येच, म्हणजे रेसिंगच्या छोट्या बुटक्या गाडीतच, बसवेन. बहीण म्हणाली, "दादा, तूच असं म्हणतोस?" हो, मीच. कार्टला चार चाकं आहेत, भोवती बंपर आहे, आणि पोरगं वळणातली लाइन पकडायला, ब्रेकचा बिंदू शोधायला तिथेच शिकतं. सोलापुरात तशी सोय नाही, पण कोल्हापूरला मोहित्यांचा कार्टिंगचा ट्रॅक आहे. बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की आम्ही तिघं जाणार.

तिकडची पोरं सात-आठव्या वर्षी सुरू करतात, तुला उशीर झालाय, हे मी त्याला स्पष्ट सांगितलंय. तो म्हणाला, "मामा, लॅप टाइम तर बघू." हेल्मेट मी घेऊन देणार आहे. फुल फेस, डबल डी रिंगचा (दोन कड्यांतून ओवून आवळायचा) पट्टा, आणि दुकानात डोक्यावर घालून, हलवून बघितल्याशिवाय नाही.