मटण स्ट्रीट ते जुना बाजार: खेळांच्या जुन्या फोटोंच्या मागावर

आधी वार बघा. शुक्रवारी चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवरची दुकानं बंद असतात, पण पहाटे रस्त्यावर जुमा बाजार भरतो. घरं रिकामी झाली की निघणारे अल्बम, फ्रेमा, रद्दीचे गठ्ठे इथे येतात. शनिवारी त्याच गल्लीत दुकानं उघडी: माल निवडलेला, भावही चढा. सँडहर्स्ट रोड किंवा ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाता येतं. पुण्याचा जुना बाजार मंगळवार पेठेत, बुधवारी आणि रविवारी. शुक्रवार-शनिवार मुंबई, रविवार पुणे अशी फेरी बरोबर बसते.

पिशवीत १० पट भिंग, नोटा तपासायची ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च, पॉलिएस्टरची पाकिटं, दोन जाड पुठ्ठे आणि सुटे पैसे. पीव्हीसीची पाकिटं नकोत, कालांतराने ती फोटोला चिकटतात. सुती हातमोज्यांपेक्षा धुतलेले कोरडे हात बरे, मोज्यांत फाटकी कड अडकते.

या फेरीत लग्नाच्या अल्बमांखालून ८ बाय १० इंचाचा एक प्रिंट निघाला. चेंडू टाकताना गोलंदाज, मागे ब्रेबॉर्न स्टेडियमचं पॅव्हेलियन. विक्रेत्याच्या मते ‘१९३३ची टेस्ट’. ती टेस्ट बॉम्बे जिमखान्यावर झाली, ब्रेबॉर्न १९३७चं. दावा तिथेच संपला, फोटो मात्र संपला नाही. पाठीवर जांभळा रबरी शिक्का, टाइप केलेल्या मजकुराची डिंकाने चिकटवलेली चिठ्ठी, छापताना कुठे कापायचं त्याच्या लाल खुणा. पुढच्या बाजूला गोलंदाजाच्या हाताभोवती पांढऱ्या रंगाची बारीक रेघ: छपाईत हात उठून दिसावा म्हणून वर्तमानपत्राच्या कलाकाराने मारलेली. हा डाग समजून ओल्या बोटाने पुसणारे महाभाग आहेत. रंग पाण्यात विरघळतो, आणि वर्तमानपत्राच्या टेबलावरून गेल्याचा पुरावाच जातो.

भिंगातून ठिपक्यांची जाळी दिसली तर ते मासिकातलं कापलेलं पान. खऱ्या फोटोत करडेपणा सलग असतो. आडव्या बारीक रेषा आणि चित्रातच उमटलेला मजकूर असेल तर तारेवरून आलेला वायरफोटो समजा. तोही त्या काळचाच असू शकतो, पण मूळ निगेटिव्हवरून काढलेल्या प्रिंटइतकं मोल त्याला नाही.

यूव्ही टॉर्च पहाटेच वापरा, उन्हात काही दिसत नाही. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात उजळक, म्हणजे कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घातलेलं रसायन आहे. फोटोच्या कागदात ती रसायनं १९५०च्या दशकात आली, म्हणून चमकणारा प्रिंट १९३३चा नव्हे. उलट मात्र खरं नाही: न चमकणारा कागद जुना असेलच असं नाही. तपासायला स्वच्छ कोरी कड घ्या, साबणाचा डागही चमकतो. वरचा प्रिंट चमकला. म्हणजे सामना त्यानंतरचा, नाहीतर जुन्या निगेटिव्हची नंतरची प्रत. दोन्ही धरून भाव सांगितलेल्याच्या निम्म्याखाली यायला हवा.

गडद भागात, विशेषतः कडांना, तिरक्या उजेडात निळसर आरशासारखी झाक दिसली तर घाबरू नका. चांदी पृष्ठभागावर आल्याची ती खूण, खोट्या प्रिंटवर सहसा नसते.

पुण्यात क्रिकेटपेक्षा शाळांचे संघ, तालमीतले पैलवान, गदा-ढालींसह काढलेले स्टुडिओतले फोटो शोधा. हे जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले असतात. पुठ्ठा आम्लामुळे ठिसूळ होऊन मधोमध तडकतो, म्हणून खालून पूर्ण आधार देऊन उचला. सोडवू मात्र नका: नावांची ओळ आणि स्टुडिओचा उठावदार ठसा पुठ्ठ्यावरच असतो.

काचेतला फोटो तिरका धरून पाहा. ओल्या डागासारखा गडद ठिपका दिसला तर तिथे तो काचेला चिकटलाय. पावसाळ्यातल्या दमटपणाने फोटोच्या वरच्या थरातलं जिलेटीन मऊ होतं आणि सुकताना काच धरून बसतं. ओढलात तर चेहरा काचेवर, कागद हातात. काचेसकट घ्या, तसाच स्कॅन करा.

फिल्मच्या निगेटिव्हच्या कडेवर ‘सेफ्टी’ असं छापलेलं नसेल, किंवा ‘नायट्रेट’ असं असेल, तर ती घरात आणू नका. पेट घेण्याचा धोका खरा आहे. १०० वर्षांहून जुना फोटो पुरावस्तू ठरू शकतो. परदेशी नेण्याआधी पुरातत्त्व खात्याकडून तो पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या.