मारुती 800 : हेड चढलं, बोल्ट कसले

मारुती 800 चं इंजिन खोलून पुन्हा जुळवतोय. ब्लॉक (सिलिंडर असलेला खालचा भाग), पिस्टन, त्यांच्या रिंगा आधीच उरकल्या होत्या. रविवारी हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, चढवलं. रिंगांवर सगळे भरभरून लिहितात, हेडच्या बोल्टवर मात्र ‘घट्ट कसा’ एवढंच. खाली बिडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे आणि गाडी नागपुरात बर्डीच्या गर्दीत अडकलेली, तेव्हा दोघांमधल्या गॅस्केटचं (गळती रोखणाऱ्या पातळ थराचं) काय होत असेल पाहा.

कसलेला बोल्ट किंचित ताणला जातो आणि परत आखडायला बघतो, म्हणून हेड दाबून राहतं. आपल्याला हवा तो हा ताण. टॉर्क पाना मात्र ताण मोजत नाही, फिरवायला लागणारा जोर (टॉर्क) मोजतो आणि ठरलेला जोर आला की ‘कट्’ वाजतो. त्यातला ढोबळमानाने निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, 40 टक्के आट्यांत, ताणाच्या वाट्याला उरतो जेमतेम 10 टक्के. एका भोकात गंज, दुसऱ्यात तेल असेल तर पाना दोन्हीकडे सारखाच ‘कट्’ वाजेल, ताण मात्र वेगळा.

म्हणून बराचसा वेळ साफसफाईतच गेला. नवा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारला तर आटेच खरवडले जातात. त्यापेक्षा जुन्या बोल्टला हॅकसॉने उभी खाच पाडली आणि तो हातानेच प्रत्येक भोकात फिरवला. खाचेत काळा, चिकट गाळ भरून वर आला. मग हवा मारली. चष्मा घाला, आतलं सगळं तोंडावर उडतं. बंद भोकाच्या तळाशी तेल-पाणी राहिलं तर बोल्ट उतरताना त्याला जायला वाट नसते आणि ब्लॉक तडकू शकतो. मॅन्युअल सांगतं तसं आट्यांना आणि डोक्याखाली तेलाचं बोट फिरवलं, बस.

फेसिंग करून (तळ मशीनवर सपाट करून) आलेलं हेडही सरळपट्टी आडवी-तिरकी ठेवून तपासलं, फट मोजायचं 0.05 मिमीचं फिलर पान कुठेच शिरलं नाही.

कसायची सुरुवात मधल्या बोल्टपासून, मग आलटून-पालटून बाहेर, तीन टप्प्यांत. शेवटच्या फेरीत पाना एका दमात, झटका न देता ओढायचा. मध्येच थांबलात तर थांबलेला बोल्ट हलवायलाच जास्त जोर लागतो, त्यामुळे पाना आधीच वाजतो आणि बोल्ट जागचा हललेलाही नसतो. तसं वाटलं तर थोडा सैल करून पुन्हा ओढा. झालेल्या बोल्टवर मी पांढऱ्या रंगाचा ठिपका देतो.

शेजारचा मिस्त्री बघत होता. ‘काय भाऊ, सोनं तोलून राहिले का? हाताले समजते ना!’ समजतही असेल, पण हातालाही समजतं ते घर्षणच.

टॉर्कचा आकडा मुद्दाम देत नाही, आपापल्या मॅन्युअलमधून घ्या. एकक मात्र नीट पाहा : 1 किलोग्रॅम-मीटर म्हणजे 9.8 न्यूटन-मीटर किंवा 7.2 फूट-पाउंड. बऱ्याच नव्या इंजिनांत टॉर्कनंतर अंशांत फिरवायचे बोल्ट असतात. ते कायमचे ताणले जातात, बहुतेक ठिकाणी दुसऱ्यांदा वापरत नाहीत.

पुढे टायमिंग बेल्ट आणि टॅपेट. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) नवा टाकतोय. आपल्याकडे उन्हाच्या धास्तीने तो काढूनच टाकायची पद्धत आहे, मला ती पटत नाही; मग हिवाळ्यात इंजिन नीट तापतच नाही आणि पेट्रोल जास्त खातं.